भिगवणची चिलापी, कोकणवाल्याच्या जिभेने

आम्ही मूळचे मालवणचे, सुरमई-बांगड्यावर वाढलेले, त्यामुळे गोड्या पाण्यातला मासा म्हटलं की नाक मुरडायचो. परवा सोलापूरला जाताना भिगवणला हायवेलगतच्या एका छोट्या खानावळीत चिलापी फ्राय आणि मरळचा रस्सा खाल्ला आणि मत बदललं. उजनीचा ताजा मासा, वास अजिबात नाही. समुद्री माशाच्या अंगात खाऱ्या पाण्यात टिकायला एक द्रव्य असतं, मासा मेल्यावर ते फुटतं आणि तो टिपिकल वास सुटतो, गोड्या माशात ते अगदीच कमी. इथे भीती असते ती मातकट चवीची, पण यांनी लिंबू-हळद लावून मासा मुरवला होता म्हणून ती जाणवलीच नाही. मरळीला काटे कमी, मुलांना बिनधास्त द्या. रोहूला मात्र बारीक वाय आकाराचे काटे असतात, सावकाश खा! चव सुरमईपेक्षा सौम्य, म्हणून काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा जमतो, आमच्या नारळाच्या वाटणात हा मासा हरवला असता असं मला वाटतं. भाकरी गरमागरम, तव्यावरून थेट ताटात. रविवारी दुपारी गर्दी फार, अर्धा तास थांबलो. चिलापी नक्की घ्या, कुरकुरीतच सांगा.