न्हाणीघराचं काम काढताय? ‘दाखवायच्या डब्या’पासून सांभाळा

आपल्याकडे दिवाळीनंतर सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले की घरोघरी डागडुजीची कामं निघतात. नेमक्या त्याच दिवसांत काही ठेकेदार गावोगाव फिरतात. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी अशाच एकानं आम्हाला लुबाडलं. तो अजून कामं घेतोच आहे, म्हणून हे लिहितोय.

न्हाणीघर वडिलांच्या वेळचं. शहाबादी फरशी उखडलेली, लोखंडी पाइप गंजलेले. आईला आता खाली बसून आंघोळ होत नाही, म्हणून टाइल्स, गिझर, कमोड असं सगळंच नवं करायचं ठरलं. ठेकेदार बोलायला गोड. “भाऊ, तुम्ही कायले चिंता करता? मी हाओ ना!” वॉटरप्रूफिंगचे 14,000 त्यानं वेगळे लावले आणि गरम पाणी सोसणाऱ्या सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपचे आणखी वेगळे.

वॉटरप्रूफिंगचा मोठा डबा त्यानं अंगणात आणून ठेवला, आईला बोलावून सीलही दाखवलं. डब्याला झाकणाजवळ पोचा होता आणि बाजूला निळ्या ऑइलपेंटचा ओघळ. दुसऱ्या दिवशी आम्ही तुरीच्या सवंगणीला वावरात गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर जमिनीवर करडा थर मारून झालेला आणि डबा गायब. “संपला, फेकला,” म्हणाला. टाइल्स बसवण्याआधी पाणी साठवून पाहू म्हटलं, तर “ओल्यावर टाइल धरत नाही” असं सांगून त्यानं लगेच काम पुढे रेटलं आणि बाकीचे पैसेही मागून घेतले.

होळीच्या सुमारास पलीकडच्या खोलीत तुरीच्या पोत्यांना बुडाशी बुरशी धरली. भिंत मातीत बांधलेली, हात लावला की पोपडे निघत होते. दुसऱ्या मिस्त्रीनं टाइल्स काढल्या तेव्हा खाली वॉटरप्रूफिंगचा पत्ताच नव्हता, नुसतं सिमेंटचं पाणी फासलेलं. भिंतीतला पाइप क्रीम रंगाचा, पण त्यावर एक अक्षर छापलेलं नाही. गिझरजवळचा जोड नरम पडून सुटला होता. आपली काळी जमीन पाण्यानं फुगते आणि वाळली की भेगाळते. पायव्याशी असं पाणी मुरत राहिलं असतं तर भिंतच गेली असती.

तो डबा मला पुढे मावसभावाच्या गावी दिसला. एका घराच्या ओट्यावर, तोच पोचा, तोच निळा ओघळ, आणि सील जसंच्या तसं! गावोगाव एकच डबा फिरवून हा माणूस पैसे घेतो. त्या घरच्यांना मी तिथंच सगळं सांगितलं.

तुमच्याकडे काम चालू असेल तर डब्याचं सील घरच्या माणसासमोर फोडायला लावा आणि रिकामा डबा स्वतःकडे ठेवा. खऱ्या सीपीव्हीसी पाइपवर कंपनीचं नाव, माप, आयएसआय मार्क, आयएस 15778 हा मानक क्रमांक आणि सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ या भारतीय मानक ब्युरोच्या ॲपमध्ये टाकला की खरा की खोटा ते कळतं. पाइप भिंतीत बुजवण्याआधी त्यांचे फोटो काढा. वॉटरप्रूफिंग वाळलं की पाणी निघून जाणाऱ्या जाळीचं तोंड बंद करून निदान 24 तास पाणी साठवा आणि मगच टाइल्स लावू द्या. कोणी कितीही घाई करो, हे पाहिल्याशिवाय त्या टप्प्याचे पैसे देऊ नका.

आम्ही ठेकेदाराला लेखी नोटीस पाठवली आहे आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतो आहोत. ज्यांचं असंच नुकसान झालंय त्यांनी गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर फोन केला तर रीत समजावून सांगतात. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी लागत नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते, तेव्हा चिठ्ठ्या, फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि उखडलेल्या पाइपचा एखादा तुकडा जपून ठेवा.