बोर्ड बदलावा लागेल म्हणाले, निघाला एक कपॅसिटर

लॅपटॉपच्या सर्व्हिस सेंटरला ५ पैकी १, चिप लेव्हलवाल्याला (म्हणजे बोर्डवरचा नेमका बिघडलेला बारका पार्ट शोधून बदलणाऱ्याला) ४. का ते सांगते, जरा लांबणार आहे.

लॅपटॉपची वॉरंटी संपून ४ महिने झाले असतील, एक दिवस सकाळी चार्जर लावला तर काहीच नाही. लाइट नाही, फॅन नाही, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा वगैरे सगळं करून झालं, दुसरा चार्जरही लावून बघितला, ढिम्म. आदल्या रात्री मस्त चालू होता, पाणी सांडलं नाही, कुठे पडला नाही.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला. तपासणीचे पैसे आधीच घेतले, ते ठीक आहे, त्यांचाही वेळ जातो. तिसऱ्या दिवशी फोन, "मॅडम मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल आणि बॅटरीपण वीक आहे." कोटेशन बघून मी आधी हसलेच, नव्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीच्या वरचा आकडा. विचारलं, बोर्डवर नेमकं काय गेलंय? "बोर्ड गेलाय." अहो हो पण काय? "मॅडम आमच्याकडे बोर्ड रिपेअर होत नाही, रिप्लेसच होतो."

हे वाक्य पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं ना! कारण मग कळतं की 'बोर्ड गेला' म्हणजे त्यांनी बिघाड शोधलेलाच नाही, त्यांच्याकडे अख्खा बोर्ड सोडून दुसरं काही विकायलाच नाहीये. आणि आताच्या पातळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डलाच सोल्डर केलेला, बऱ्याच मॉडेलमध्ये रॅमसुद्धा, म्हणजे एक बारका पार्ट उडाला तरी चांगला चालणारा प्रोसेसर आणि रॅम आपण परत विकत घ्यायचे. वर फॉर्मवर सही, डेटाची जबाबदारी आमची नाही. माझी एसएसडी, म्हणजे डेटा असतो ती डिस्क, वेगळी निघणारी होती म्हणून निवांत होते, पण नंतर कळलं की विंडोजचं बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर बोर्ड बदलल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, कारण कुलूप जुन्या बोर्डवरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपशी बांधलेलं असतं. सेंटरमधे याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. लॅपटॉप चालू आहे तोवर ती की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमधे सेव्ह आहे का ते आजच बघून ठेवा.

नाही म्हणून सांगितलं आणि लॅपटॉप उचलून आणला. मग ऑफिसमधल्या एकाने चिप लेव्हल काम करणाऱ्याचा नंबर दिला. दुकान म्हणजे एक टेबल, मायक्रोस्कोप आणि चहूकडे उघडे बोर्ड, मला तर विश्वासच वाटेना. त्याने चार्जरच्या मधे एक छोटा टाइप सी मीटर लावला आणि मला दाखवला, ५ व्होल्टवर अडकलेला. म्हणाला, टाइप सी चार्जर सुरुवातीला ५ च देतो, मग चार्जर आणि लॅपटॉप आपसात बोलतात आणि २० वर जातात, तुमचा जातच नाहीये, बोर्डची मेन पॉवर लाइन शॉर्ट असणार. उघडून मल्टिमीटर लावला तर जवळपास शून्य ओहम.

पुढचं बघायला खरंच मजा आली. त्या लाइनला पॉवर सप्लायमधून फक्त १ व्होल्ट दिला आणि बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकलं. शॉर्ट झालेला पार्ट तापतो, म्हणून सगळीकडे ओलं, आणि एकाच ठिकाणचं भराभर उडून गेलं. तिथे तिळापेक्षा लहान, तपकिरी सिरॅमिक कपॅसिटर. हे कपॅसिटर आतून तडकले की बऱ्याचदा शॉर्ट होतात आणि सगळी लाइनच बसते. हॉट गनने काढला, परत मोजलं, शॉर्ट गायब! एवढ्यासाठी मला अख्खा बोर्ड घ्यायला लावत होते?? एका भंगार बोर्डवरून तसाच दुसरा काढून बसवतो म्हणाला, बाकी लाइन चेक करायला दोन दिवस ठेवून जा. बिल कोटेशनच्या दहाव्या भागापेक्षाही कमी झालं.

आणि ती 'वीक' बॅटरी. घरी आल्यावर कमांड प्रॉम्प्टमधून विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला, डिझाइन कपॅसिटी ५७ वॉट अवर, आत्ताची फुल चार्ज ४९. म्हणजे ८६ टक्के. रोज वापरलेल्या बॅटरीला हे अजिबात वाईट नाही, लिथियम बॅटऱ्या साधारण ३०० ते ५०० चार्ज सायकलनंतर ८० टक्क्यांच्या आसपास येतातच. फुगली असती तर गोष्ट वेगळी, मग एक दिवसही वापरू नये, पण माझी सपाट होती. कशाच्या जोरावर वीक म्हणाले देव जाणे.

आता १ स्टार का कापला. दोन दिवसांचे सहा दिवस झाले, रोज "उद्या नक्की". जॉबशीट म्हणजे कागदाचा चिटोरा, त्यावर पासवर्ड लिहा म्हणाला, मी नाही लिहिला, पॉवरच्या कामाला पासवर्ड कशाला लागतो? मॉडेल आणि सीरियल नंबर मीच त्याला लिहायला लावला. वॉरंटी ३ महिन्यांची आणि तीसुद्धा फक्त त्याच बिघाडावर.

एक मात्र आवडलं, तो सगळ्यांना हो म्हणत नव्हता. माझ्यासमोर एकाचा बोर्ड परत केला, ग्राफिक चिप गेली होती, म्हणाला गरम करून चालू करून देईन पण किती दिवस चालेल याचा भरवसा नाही, पैसे घालू नका. पाणी पडून महिनाभर तसाच वापरलेला एक लॅपटॉपही त्याने घेतला नाही, आत गंज पसरलेला. अशा वेळी सेंटरचं बोर्ड बदलणंच बरं, किंवा सरळ नवीन.

माझा लॅपटॉप आता ५ महिने झाले, चालतोय. खालच्या कव्हरचे दोन स्क्रू मात्र त्याच्याकडेच राहिलेत, फोन केला की म्हणतो, "मॅडम काढून ठेवलेत, या कधीपण."