रेडवूडच्या रानात: केबिन की आरव्ही?
कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, क्रेसेंट सिटीजवळच्या जेडेडाया स्मिथ रेडवूड्स या उंच रेडवूड वृक्षांच्या उद्यानात मुक्कामाला दोन्ही सोयी आहेत: केबिन, किंवा आपली आरव्ही, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी. आरव्हीत स्वयंपाकघर सोबतच असतं. बाहेर पाऊस असताना गरम पिठलं-भात, हे सुख मोठंच. पण इथल्या कॅम्पग्राउंडवर वीज-पाण्याची जोडणी नाही. केबिनमध्ये दिवे नि हीटर आहे. अंथरूण-पांघरूण मात्र आपलं न्यायचं, रांधणंही बाहेरच.

माझा कौल केबिनला, आणि तोही स्टाउट ग्रोव्ह या रेडवूडच्या राईसाठी. तिथे नेणारा हाउलंड हिल रोड कच्चा, अरुंद, प्रचंड बुंध्यांमधून वळत जाणारा. आरव्ही तिथे नेऊच नये. छोट्या गाडीने सकाळी लवकर निघा, समुद्रावरचं धुकं शेंड्यांत अडकलेलं दिसेल. खाण्याचं सगळं पेटीत बंद ठेवा, अस्वलं फिरतात.