लॉजिटेक एमएक्स मास्टर ३एस : लिनक्सवर कितपत चालतो?

नुसता माऊस म्हणून वापरायचा असेल तर तक्रारीला जागा नाही. बोल्ट रिसीव्हर (लॉजिटेकचा छोटा यूएसबी वायरलेस डोंगल) लावला की कर्सर, दोन्ही चाकं, मागे-पुढे जाण्याची बटणं लगेच चालू. ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. अडतं ते अंगठ्याखालचं जेश्चर बटण, डीपीआय (कर्सरची संवेदनशीलता) आणि चाकाचं स्मार्टशिफ्ट (खाचांनी फिरणं आणि मोकळं फिरणं यांतला आपोआप बदल) यांपाशी. हे बदलणारं कंपनीचं ऑप्शन्स प्लस सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकपुरतंच आहे.

लिनक्सवर ते काम सोलार हे मुक्त सॉफ्टवेअर करतं, आणि छान करतं. तुमच्या डिस्ट्रोच्या (लिनक्स आवृत्तीच्या) रिपॉझिटरीतून घेतलंत तर युडेव्हचा (डिव्हाइसच्या परवानग्या सांभाळणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) रूल सहसा सोबतच येतो. पिपने (पायथनच्या पॅकेज-इन्स्टॉलरने) टाकलंत तर तो येत नाही. मग सोलार उघडतं पण माऊस हाताळू शकत नाही, कारण साध्या युजरला त्या डिव्हाइसची परवानगीच नसते. सोलारच्या सोर्समधली ४२ आकड्याने सुरू होणारी रूल फाइल युडेव्हच्या रूल्स फोल्डरमध्ये कॉपी करा, रिसीव्हर काढून पुन्हा लावा. दर वेळी सूडोने (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) सोलार चालवणं हा उपाय नव्हे.

डीपीआय ५०-५० च्या टप्प्यांनी ८००० पर्यंत नेता येतो. पण सोलारची सेटिंग्ज तुमच्या होम फोल्डरात राहतात आणि सोलार सुरू झालं की माऊसवर चढतात. त्यामुळे ते लॉगिनला आपोआप सुरू व्हायलाच हवं. सोबत लॉगिऑप्स हा तसाच दुसरा प्रोग्रामही चालू ठेवाल तर दोघं एकमेकांची सेटिंग्ज पुसत राहतील, एकच निवडा. सोलारमध्ये चाकाच्या रिझोल्यूशनपुढचं (स्क्रोल किती बारीक मोजायचं याच्या सेटिंगपुढचं) कुलूप मात्र उघडू नका. कर्नल आणि माऊस यांचा हिशेब चुकला की एका खाचेला अख्खं पान पळतं.

जेश्चरसाठी अंगठ्याखालचं बटण आधी सोलारच्या डायव्हर्शनमध्ये (बटणाचं काम सोलारकडे वळवणारी सेटिंग) 'माऊस जेश्चर्स'वर टाकायचं, मग रूल एडिटरमध्ये दिशा आणि कीस्ट्रोक जोडायचे. वेलँड या नव्या डिस्प्ले प्रणालीवर कीस्ट्रोक पाठवायला यूइनपुटची (आभासी कीबोर्ड बनवू देणाऱ्या कर्नलच्या सोयीची) परवानगी लागते. जुन्या एक्स११ वर हे बरंच सुरळीत.

कर्सर अडखळत असेल तर लगेच माऊसला दोष देऊ नका. यूएसबी ३ पोर्टचा गोंगाट रिसीव्हरच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींमध्ये मिसळतो. रिसीव्हर एक्स्टेंशन केबलने लांब न्या. थोडा वेळ हात थांबल्यावर माऊस झोपी जात असेल तर पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामचं ऑटो-ट्यून तपासा, त्याने रिसीव्हरचं ऑटोसस्पेंड (वापर थांबला की आपोआप झोपणं) चालू केलेलं असतं.

ड्युअल बूटमध्ये ब्लूटूथ वापरणाऱ्यांना तळाचं इझी-स्विच बटण वरदान आहे. एका चॅनेलवर लिनक्स, दुसऱ्यावर विंडोज पेअर केलं की पेअरिंगच्या किल्ल्या एकमेकांवर लिहिल्या जात नाहीत.

रोज आठ तास स्क्रोल करणाऱ्याने जरूर घ्यावा. पण सेटिंग्ज माऊसच्याच मेमरीत हवी असतील आणि मागे काही चालू ठेवायचं नसेल, तर पायपर या लिनक्स प्रोग्राममधून सेट होणारा लॉजिटेकचा जी३०५ सारखा गेमिंग माऊस पाहावा.