घरात उडवायचं पहिलं रिमोटचं हेलिकॉप्टर: दोन पंख्यांचं की एका पंख्याचं?

पहिलं कोणतं घ्यावं यावर अडलेल्यांनी खोक्यावरचं ‘प्रो’ बाजूला ठेवून पंखे मोजावेत.

शिकणं: दोन पंखे (कोअ‍ॅक्सियल) एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे धड गरगरत नाही; स्टिक सोडली तरी ते बरंचसं सावरतं. तीन चॅनेलवालं (म्हणजे वर-खाली, वळणं आणि पुढे-मागे एवढ्याच तीन हालचालींचं) मात्र आडवं सरकत नाही. चार चॅनेलचं एका पंख्याचं हेलिकॉप्टर सरकतं, पण सतत सावरावं लागतं. शेपूट आपल्याकडे ठेवून गुडघ्याच्या उंचीवर तरंगवायला शिका. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटतं आणि बहुतेक धडका तिथेच होतात. जमिनीलगत स्वतःचीच हवा त्याला ढकलते, म्हणून तिथे रेंगाळू नका.

मोडतोड: कोअ‍ॅक्सियलची पाती धडकेत एकमेकांवर आपटतात. एका पंख्याच्यात शेपटीची मोटर आधी जाते. दोन्हीकडे नियम एकच: आदळण्याआधी थ्रॉटल (पंख्यांचा वेग) शून्य, नाहीतर अडकलेली मोटर जळू शकते.

रिमोट: इन्फ्रारेड (न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारा) उन्हात दगा देतो, रेडिओ लहरींवर चालणारा २.४ गिगाहर्ट्‌झ नाही. छताचा पंखा मात्र दोघांसाठीही बंदच हवा.

लहान खोली, लहान मूल, नुसती गंमत असेल तर कोअ‍ॅक्सियल. पुढे मोठी हेलिकॉप्टरं उडवायची असतील तर एका पंख्याचं, आणि सोबत सुटी पाती.