धोबी तलावला छापलेली गुडजॉन्सनची जर्सी
जेमतेम चार लाख वस्तीच्या आइसलँडचा फुटबॉल आघाडीवीर ऐदुर गुडजॉन्सन १९९६ मध्ये टॅलिनला आपल्या वडिलांच्याच जागी बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. पुढे त्याने चेल्सीकडून दोनदा प्रीमियर लीग आणि २००९ मध्ये बार्सिलोनाबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकली. २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीने त्याला करारबद्ध केले होते, पण दुखापतीमुळे तो आपल्याकडे खेळू शकला नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

त्याची चेल्सीची २२ क्रमांकाची जर्सी धोबी तलावच्या एका दुकानात छापून घेतली. एवढे लांबलचक आडनाव कारागिराने आधी पाठीवर मांडून दाखवले आणि मगच दाब दिला. धुतल्यावरही अक्षरांच्या कडा सुटलेल्या नाहीत. कापड मात्र मुंबईच्या दमट हवेला थोडे जाडच आहे.