न बदललेला वॉटर पंप

बिलावर तीन गोष्टी होत्या: हेड गॅसकेट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं पातळ सील), वॉटर पंप आणि नवीन कूलंट, म्हणजे हा पंप फिरवतो तो इंजिन गार ठेवणारा द्रव. त्यातलं फक्त कूलंट खरं निघालं.

गाडी म्हणजे जुनी व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली. दर आठवड्याला टाकीतलं कूलंट बोटभर खाली जायचं आणि सकाळी गाडीखाली तळहाताएवढा ओला डाग दिसायचा. गॅरेजवाल्याने गार इंजिन चालू करायला लावलं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला, की लगेच निदान तयार: "हेड गॅसकेट गेलंय साहेब, हेड उतरवावं लागेल." मी मान डोलावली. गारव्यात धडधाकट इंजिनही सुरुवातीला पांढरी वाफ सोडतं, हे मला माहीत होतं. पण 'हेड' शब्द ऐकला की गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो, आणि माझ्याही आला. याची साधी चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवतात. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर निळा रंग पिवळा पडतो. ती त्याने केली नाही, मीही मागितली नाही.

गाडी परत आली आणि तीन आठवडे टिपूस नाही. मी दोघातिघांना त्याचं नाव सुचवूनही बसलो. मग हीटर थंड हवा मारू लागला, आणि पाठोपाठ तोच डाग, त्याच जागी.

या वेळी गाडी स्टँडवर उचलून स्वतःच खाली शिरलो. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं (गरम असताना उघडाल तर उकळता फवारा थेट तोंडावर येतो). आत तपकिरी कण, ओल्या भुशासारखे. गळती बुजवायची पावडर! ती भोक तात्पुरतं बुजवते, पण गरम कूलंटवर चालणाऱ्या हीटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते. तीन आठवड्यांच्या कोरडेपणाचं कारण हे होतं.

मित्राकडून हातपंपाचा प्रेशर टेस्टर आणला. झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप मारला, तर काटा डोळ्यादेखत उतरू लागला. टॉर्च घेऊन पाहतो तर वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून थेंब थेंब ठिबकतंय. ते भोक मुद्दामच ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं म्हणून. म्हणजे भोक बुजवण्यात अर्थ नाही, पंपच बदलायला हवा. आणि बिलाप्रमाणे तो बदललेला होता!

पंप काढून हातात घेतला. चकचकीत चंदेरी. नखाने खरवडलं तर पापुद्रा सुटला आणि खाली गंज. जुन्याच पंपाला स्प्रे मारला होता, तोही जागेवरच, कारण शेजारच्या होजच्या क्लिपवरही चंदेरी शिंतोडे होते. पंपाखालचं गॅसकेटही जुनंच, इतकं भाजून चिकटलेलं की पात्याने तासून काढावं लागलं. मग हेडकडे वळलो. या इंजिनात एक्झॉस्टचा पाइप सोडल्याशिवाय हेड उचलताच येत नाही, आणि त्या पाइपाच्या नटांवर गंजाचे थर जसेच्या तसे. पाना लागला असता तर कडा तरी उजळ दिसल्या असत्या.

फोन केला. "जुने पार्ट भंगारात गेले," म्हणाला. ते काम देतानाच मागून ठेवायचे असतात, हे मला आता कळतंय. मी फोटो पाठवले, तर निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे चिडीचूप.

नवीन पंप बसवला, कूलंट बादलीत काढलं (चवीला गोड असतं, कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर मरतात, म्हणून झाकून ठेवलं), सगळं दोनदा धुतलं, तपकिरी पाणी येतच राहिलं. डाग आता पडत नाही. पण हीटरच्या दोन पाइपांना हात लावला, तर आत जाणारा चटका देतो आणि बाहेर येणारा अजून कोमटच आहे.